‘इलेक्ट्रोशॉक’ला मराठीत काय म्हणावे? संमतीपत्रकात अडलेला एक शब्द

बोरीकाठ (अमळनेर), धागालेखक

मंडळी, नमस्कार. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मराठी तपासून देण्याची लहानमोठी कामे माझ्याकडे येत असतात. त्यांतले एक आठ दिवसांपासून टेबलावर पडून आहे. खानदेशातल्या एका रुग्णालयाने मानसिक आजाराच्या उपचारासाठी घ्यायच्या संमतीपत्रकाचा मसुदा पाठवला आहे, आणि त्या दोन पानांत एकाच उपचाराला चार नावे दिलेली आहेत. मथळ्यात ‘विद्युत-आक्षेपी उपचार’, पहिल्या परिच्छेदात ‘इलेक्ट्रोशॉक’, मध्येच एके ठिकाणी ‘शॉक ट्रीटमेंट’ आणि सहीच्या ओळीवर ‘ईसीटी’, म्हणजे ‘इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी’चे लघुरूप. डोक्याला वीज देऊन मुद्दाम फीट आणण्याचा हा उपचार. ज्या माणसाला या कागदावर सही किंवा अंगठा करायचा आहे, त्याला ही चारही नावे एकाच गोष्टीची आहेत हे कोण सांगणार?

‘आक्षेपी’ हा शब्द तर मी पहिल्याच वाचनात खोडला. आयुर्वेदात आक्षेपक म्हणजे शरीराला आचके देणारा वातविकार, त्यामुळे शब्द घडवणाऱ्याचे चुकले असे म्हणवत नाही. परंतु आज मराठी माणसाला आक्षेप म्हणजे हरकत एवढेच ठाऊक आहे. संमती मागणाऱ्या कागदाच्या डोक्यावरच ‘आक्षेपी’ असे छापणे ही चेष्टा वाटते.

राहिला ‘इलेक्ट्रोशॉक’. हा शब्द कुठून आला हे पाहू गेलो तेव्हा लक्षात आले की यातला ‘शॉक’ आपण समजतो तो नव्हे. १९३३ च्या सुमारास व्हिएन्नात मानफ्रेड साकेल यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना इन्शुलिन देऊन मुद्दाम बेशुद्धीपर्यंत नेण्याचा उपचार सुरू केला आणि तो ‘इन्शुलिन शॉक’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९३४ मध्ये बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेदुना यांनी कापराचे इंजेक्शन देऊन रुग्णाला फीट आणून पाहिली. ज्याला अपस्मार आहे त्याला स्किझोफ्रेनिया होत नाही, अशी त्यांची समजूत होती. ती पुढे टिकली नाही, परंतु फीट आल्यावर काही रुग्ण सुधारतात हे निरीक्षण टिकले. या दोन्ही उपचारांत विजेचा संबंध कुठेच नव्हता, तरी त्यांना ‘शॉक’ हे नाव पडलेले होते. १९३८ च्या एप्रिलमध्ये रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी औषधाऐवजी विजेने फीट आणली, आणि आधीच रूढ असलेल्या ‘शॉक’ला ‘इलेक्ट्रो’ जोडला गेला. म्हणजे या शब्दात वीज हे केवळ साधन आहे, आणि उपचार ज्या फीटमुळे होतो तिचे नाव शब्दात कुठेच नाही.

इथे मला आपला ‘झटका’ आठवला. मराठीत विजेचा झटका बसतो आणि अपस्माराच्या रुग्णालाही झटके येतात. जी दोन टोके इटालियन किंवा इंग्रजी शब्दाला एकत्र बांधता आली नाहीत, ती आपल्या एका साध्या शब्दात आयती आलेली आहेत. म्हणून ‘विजेचे झटके देण्याचा उपचार’ असे लिहावे, असा माझा विचार आहे. आपल्यापैकी वीज, दवाखाना किंवा शेती यांच्याशी ज्यांचा रोजचा संबंध आहे, त्यांनी यातील दोष दाखवावेत, ही विनंती.

तारेवरचा_आप्पा (भुसावळ)

गुरुजी, माझे सारे आयुष्य खांबावर आणि डीपीवर गेले, त्यामुळे दवाखान्याचे मला कळत नाही, पण शॉकचे कळते. आमच्या कामात हा शब्द कधी एकटा येत नाही. त्याच्यामागे कोणते क्रियापद येते त्यावर सगळे ठरते. तार हाताला लागली तर ‘शॉक लागला’. बिल पाहिले तर ‘शॉक बसला’. लोखंडी कूलरच्या पत्र्याला हात लावल्यावर चिमटा आला तर ‘कूलर करंट मारतो’. पावसाळ्यात भिंत ओली झाली तर ‘भिंतीत करंट उतरला’. आणि माणूस तारेला धरून राहिला तर ‘चिकटला’. यांतल्या कोणत्याही वाक्यात देणारा कोणी नसतो. ‘शॉक दिला’ असे आम्ही फक्त दोन ठिकाणी ऐकले आहे, एक वेड्यांच्या दवाखान्यात आणि दुसरे पोलिसांच्या गोष्टींत. लोकांच्या मनात ही दोन्ही ठिकाणे शेजारी बसलेली आहेत, हे तुमच्या कागदाला आडवे येणार.

‘चिकटला’विषयी थोडे लिहितो, कारण त्यात लोकांची मोठी गैरसमजूत आहे. वीज कोणाला ओढून घेत नाही. आपल्या घरातला पुरवठा २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो. हातातून साधारण १ मिलिअँपिअर गेला तर मुंग्या येतात, १० च्या पुढे गेला की हाताचे स्नायू आवळले जातात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा ताकदवान असल्यामुळे माणूस स्वतःच तार घट्ट धरून बसतो आणि त्याला सोडवत नाही. त्याच्या पुढे ३० पासून हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो, म्हणूनच घरात बसवायचे गळतीचे ब्रेकर ३० मिलिअँपिअरचे असतात.

माझ्यावर एकदा वेळ आली होती. रात्रीच्या लोडशेडिंगनंतर एका मळ्यात मोटार उठत नाही म्हणून बोलावणे आले. पाय चिखलात होते, चप्पल बांधावर राहिली होती आणि स्टार्टरच्या पेटीचे अर्थिंग कोणीतरी सोडून ठेवलेले होते. उस्तादाने शिकवले होते की कोणत्याही पेटीला आधी हाताची मागची बाजू लावायची, म्हणजे स्नायू आवळले तरी हात पेटीपासून दूर जातो. मी उलटा हात लावला आणि दोन पावले मागे फेकला गेलो. तळहात लावला असता तर हे टंकायला बसलो नसतो.

तेव्हा ‘विजेचे झटके’ असे छापलेत तर आमच्यासारख्याच्या डोळ्यांपुढे तो चिखल आणि ती पेटी येईल.

केळीचे_खोड (रावेर)

गुरुजींच्या ‘झटका’ या शब्दाला माझी वेगळीच हरकत आहे. आमच्या पट्ट्यात ‘झटका’ म्हटले की लोकांना फीटही आठवत नाही आणि तारही नाही. त्यांना झटका मशीन आठवते. रानडुकरे केळीच्या बागेत आणि मक्यात एका रात्रीत जो नाश करतात तो ज्याने पाहिला आहे, त्याला या यंत्राचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. शेताच्या कडेने तार ओढायची, ती खांबाला खुंट्यांवर बसवायची, आणि सोलर पॅनलवर चालणाऱ्या बॅटरीच्या पेटीतून तिच्यात दर सेकंदाला एकदा ठोका सोडायचा. ठोका काही हजार व्होल्टचा असतो, पण तो इतक्या थोड्या वेळाचा असतो की जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. रात्री बागेत उभे राहिले की पेटीचा टक्‌, टक्‌ असा आवाज ऐकू येतो आणि तारेला गवताचे पाते टेकले असेल तर तिथे निळी ठिणगी उडताना दिसते.

हे यंत्र वेगळे आणि कुंपणाला थेट घरची लाइन जोडणे वेगळे. दुसरा प्रकार गुन्हा आहे. त्यात डुकरापेक्षा माणसे मरतात, आणि पुष्कळदा ज्याने तार जोडली त्याच्याच घरातली.

मुद्दा एवढाच की आमच्याकडच्या शेतकऱ्याला ‘तुमच्या मुलाला विजेचे झटके देणार’ असे सांगितले, तर त्याला वाटेल की डुकराला हाकलायची जी वस्तू, तीच मुलाच्या डोक्याला लावणार आहेत. शब्द मराठी आहे, तेवढ्याने तो सौम्य होत नाही.

रात्रपाळी (जळगाव)

केळीचे_खोड भाऊंनी लिहिले ते अक्षरशः खरे आहे. मी मानसोपचार विभागात परिचारिका म्हणून काम केले आहे आणि यावल-रावेरकडचे नातेवाईक मला हाच प्रश्न विचारत असत: “सिस्टर, झटका मशीनसारखंच असतं का हो?” त्यामुळे उपचाराच्या खोलीत प्रत्यक्ष काय होते ते आधी लिहिते, म्हणजे शब्द ठरवणे सोपे जाईल.

रुग्णाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात. सकाळी दात, दागिने, केसांतल्या पिना हे सगळे पाहून घेतात. शिरेत सुई लावतात, हृदयाच्या आलेखाच्या पट्ट्या लावतात, आणि भूलतज्ज्ञ भुलीचे इंजेक्शन देतात. रुग्ण झोपल्यानंतर स्नायू सैल करणारे औषध देतात, पण त्याच्या आधी एक काम करायचे असते, आणि ते मला नेहमी फार बोलके वाटत आले आहे. एका पायाच्या घोट्याच्या वर रक्तदाब मोजायचा पट्टा आवळून फुगवतात, म्हणजे स्नायू सैल करणारे औषध त्या पावलापर्यंत पोहोचत नाही. तोंडात दातांमध्ये रबरी तुकडा ठेवतात, ऑक्सिजन देतात, डोक्याला दोन इलेक्ट्रोड लावतात आणि काही सेकंद वीज देतात. सगळे शरीर शांत पडलेले असते. फक्त ते एक पाऊल लयीत हलत असते, आणि आम्ही घड्याळाकडे पाहून सेकंद मोजत असतो. मेंदूतली फीट साधारण अर्धा ते एक मिनिट चालते. पाऊल थांबले, यंत्राच्या कागदावरची मेंदूच्या आलेखाची रेघ सपाट झाली, की फीट संपली. काही मिनिटांत रुग्ण स्वतः श्वास घेऊ लागतो आणि थोड्या वेळाने डोळे उघडतो.

ज्यांच्या डोळ्यांपुढे हातपाय झाडणारा, चार जणांनी दाबून धरलेला माणूस आहे, त्यांच्यासाठी ते एक पाऊल सांगण्यासारखे आहे. पूर्वी भुलीविना हे होत असे आणि त्यात हाडे मोडत, हेही खरे आहे. लोकांच्या मनातली भीती काही हवेतून आलेली नाही.

आता शब्दाविषयी. गुरुजींचे म्हणणे बरोबर आहे की काम वीज करत नाही, फीट करते. दिलेली वीज फीट येण्याइतकी नसेल तर उपचार झाला असे आम्ही धरतच नाही. तरीही मी नातेवाइकांशी बोलताना ‘झटका’ वापरला नाही आणि ‘शॉक’ही आपणहून वापरला नाही, मात्र त्यांनी ‘शॉक’ म्हटले तर तोच शब्द घेऊन पुढे बोलले, कारण तिथे शब्द दुरुस्त करत बसले तर आपण काहीतरी लपवतो आहोत असे त्यांना वाटते.

बोरीकाठ (अमळनेर)

रात्रपाळी ताई, आपल्या त्या एका पावलाने माझी दोन दिवसांची झोप उडवली. ‘झटका’ मागे घेतो. विरामचिन्हांसह मागे घेतो.

आप्पांच्या क्रियापदांवरून मला आणखी एक गोष्ट दिसली. आपण ‘त्याला शॉक लागला’ असे एकवचनात म्हणतो, पण उपचाराविषयी बोलताना नेहमी ‘त्याला शॉक दिले’ असे अनेकवचन येते. कोणाच्या घरी बसलो असताना आतून ‘शॉक दिले’ एवढे दोनच शब्द कानावर पडले, तर अपघात नव्हे, उपचार, हे मराठी माणसाला वचनावरून कळते आणि तो पुढचा प्रश्न विचारत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे कोणी नोंदवले असेल असे वाटत नाही. हा उपचार सहसा आठवड्यातून दोन-तीन वेळा, असा एकूण सहा ते बारा वेळा करतात, हे अनेकवचनाचे साधे कारण.

अहिराणी_ओसरी (शिरपूर)

गुरुजींची वचनाची गोष्ट अहिराणीतही तशीच आहे. ‘त्याले शॉक लागना’ म्हणजे तार लागली. ‘त्याले शॉक दिधात’ म्हणजे दवाखाना. ‘भीतमा करंट उतरना’ हे तर पावसाळ्यातले रोजचे वाक्य आहे. फीटला मात्र आमच्याकडे म्हातारी माणसे ‘मिरगी’ म्हणतात, ‘त्याले मिरगी उनी’, आणि तरुण लोक ‘फीट’ म्हणतात. आपल्या कागदात ‘आकडी’ घालण्याचा मोह गुरुजींना होईल असे दिसते. तो कृपया आवरावा. ‘आकडी’ हा मूळचा चांगला शब्द आहे, पण गावात विजेच्या शेजारी तो उच्चारला की लोकांना तारेवर टाकायचा आकडाच आठवतो.

तारेवरचा_आप्पा (भुसावळ)

आकड्याविषयी मी काही बोलत नाही. बरेच काढले, दुसऱ्या दिवशी तितकेच परत दिसले.

तोरणमाळ (नंदुरबार)

एक शंका आहे. दूरदर्शनवरच्या मालिकांत हृदय बंद पडलेल्या रुग्णाच्या छातीवर दोन इस्त्र्यांसारखी वस्तू ठेवून शॉक देतात, तो हाच का? आणि ‘रुग्ण शॉकमध्ये गेला’ असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्याला वीज कोणी दिलेली असते?

रात्रपाळी (जळगाव)

नाही, हे तीन वेगवेगळे आहेत आणि शब्द एकच असल्यामुळे गोंधळ होतो. छातीवर देतात त्याला डिफिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचे स्नायू लय सोडून नुसते थरथरत असतील, तर एका ठोक्याने ती थरथर थांबवून हृदयाला स्वतःची लय पकडायला वाव द्यायचा, असा तो उपाय आहे. १९४७ मध्ये क्लॉड बेक यांनी शस्त्रक्रियेत उघड्या हृदयावर तो प्रथम यशस्वी करून दाखवला आणि १९५६ मध्ये पॉल झोल यांनी बंद छातीवरून. मालिकेत पडद्यावरची रेघ पूर्ण सपाट झाल्यावर जो शॉक देतात तो मात्र चुकीचा दाखवतात. सपाट रेघेवर शॉकचा उपयोग नसतो, तिथे छाती दाबणे आणि औषधे हेच करायचे असते. ‘शॉकमध्ये गेला’ म्हणजे रक्तदाब इतका खाली आला की अवयवांना रक्त पुरेनासे झाले. त्यात विजेचा काही संबंध नाही.

जाता जाता, शॉक लागलेल्या माणसाला मातीत किंवा वाळूत पुरून ठेवल्याने वीज उतरते, ही समजूत आपल्याकडे अजून आहे. आधी पुरवठा बंद करा, श्वास नसेल तर छाती दाबायला लागा आणि गाडी बोलवा. खड्डा खणण्यात जी मिनिटे जातात, त्याच मिनिटांत माणूस वाचू शकतो.

तारेवरचा_आप्पा (भुसावळ)

ताईंनी लिहिले त्यावरून एक विचारतो. डोक्यातून वीज देतात आणि हृदयाला काही होत नाही, हे कसे? आमच्याकडे एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघालेला करंट सर्वांत वाईट, कारण वाटेत छाती असते.

बोरीकाठ (अमळनेर)

आप्पा, नेमके याच ठिकाणी चेर्लेत्तींचे घोडे अडले होते. सुरुवातीच्या प्रयोगांत कुत्र्यांना एक टोक तोंडात आणि दुसरे गुदद्वारात असे लावत, वीज छातीतून जाई आणि बरीच कुत्री मरत. पुढे रोमच्या कत्तलखान्यात डुकरांना कापण्यापूर्वी डोक्याला वीज लावून पाडतात हे त्यांनी पाहिले. त्या डुकरांना फीट येई, पण कापले नाही तर ती थोड्या वेळाने उठून चालू लागत. वीज डोक्याच्या दोन बाजूंमधूनच गेली तर हृदय वाटेत येत नाही, हे त्यांना तिथे समजले. आजच्या यंत्रांत वीज सुमारे ८०० ते ९०० मिलिअँपिअर असते, म्हणजे आपल्या ३० च्या ब्रेकरच्या मानाने भयंकर वाटावी अशी. परंतु ती अतिशय तोकड्या ठोक्यांनी, काही सेकंदच दिली जाते आणि तिचा मार्ग डोक्यापुरता असतो. तुमच्या उलट्या हाताच्या नियमासारखेच हे आहे. किती वीज, यापेक्षा कोणत्या वाटेने, याला महत्त्व.

त्यांचा पहिला रुग्ण रोमच्या रेल्वे स्थानकावर भरकटलेल्या अवस्थेत पोलिसांना सापडलेला होता. भुसावळ स्थानकावर असे किती जण आपण पाहतो. त्या माणसाची संमती कोणी घेतली नव्हती, हे मला संमतीपत्रक तपासताना सारखे आठवत राहते.

धाकटा_भाऊ (चाळीसगाव)

हा धागा मी चार दिवस नुसता वाचत होतो. माझ्या थोरल्या भावाला काही वर्षांपूर्वी हा उपचार दिला गेला. त्याने खाणेपिणे सोडले होते, तो तासन्‌तास एकाच स्थितीत बसून राही आणि पाण्याचा पेला ओठांशी धरला तरी तोंड उघडत नसे. कॅटाटोनिया, असे डॉक्टरांनी सांगितले. चौथ्या वेळेनंतर त्याने आईला भूक लागल्याचे सांगितले. त्यामुळे उपचाराविषयी माझी तक्रार नाही, हे आधी नोंदवतो.

तक्रार आहे ती त्या कागदाविषयी. आम्हाला ज्या कागदावर सही करायला सांगितली, त्यात ‘उपचारातील सर्व धोके समजावून सांगितले आहेत’ असे एक वाक्य होते, आणि कोणीही काहीही समजावून सांगितलेले नव्हते. आजाराच्या आदल्या महिन्यात आमच्या बहिणीचे लग्न झाले होते. भावाने मांडवात हातात परात धरून सगळ्यांना पुरणपोळ्या वाढल्या होत्या. त्याला ते लग्न आज आठवत नाही. फोटो दाखवले की तो स्वतःला ओळखतो, हसतो, आणि म्हणतो, “हा मीच आहे, पण मी तिथे नव्हतो.” बहिणीला याचे वाईट वाटते आणि तिला वाईट वाटू नये म्हणून तो आठवल्याचे नाटक करतो.

गावात त्याला ‘शॉकवाला’ हे नाव पडले. त्याचे कपाशीचे क्षेत्र तोच पाहतो, हिशेब तोच ठेवतो, तरी नाव गेलेले नाही. तुम्ही कोणताही शब्द निवडा, गाव आपला शब्द वापरणार. तुमच्या कागदात विसरण्याविषयी एक स्पष्ट वाक्य असेल, तर तेवढे पुरे आहे.

पांझरा (धुळे)

मी वकिली करतो, त्यामुळे कागदाच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी सांगणे माझे काम आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९५ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय हा उपचार करण्यास मनाई आहे. अल्पवयीन मुलांवरही तो करता येत नाही. अपवाद म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला तो आवश्यक वाटला, तर पालकांची माहितीपूर्वक संमती आणि संबंधित मंडळाची पूर्वपरवानगी अशी दोन्ही लागतात. कलम ९४ तातडीच्या उपचाराविषयी आहे, आणि तातडीचा उपचार म्हणून ईसीटी वापरता येणार नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

गुरुजी, आपल्या मसुद्यात सही ‘नातेवाइकाची’ अशी लिहिलेली दिसते. जो रुग्ण स्वतः समजून निर्णय घेऊ शकतो, त्याची संमती त्याचीच असली पाहिजे. नातेवाइकाची सही तिची जागा घेत नाही. शब्द कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा.

शब्दाविषयी विचाराल तर कायद्यात ‘शॉक’ कुठेही नाही, आणि माझ्या मते ते योग्य आहे. इंग्रजीत आज ‘इलेक्ट्रोशॉक’ हा शब्द पोलिसांच्या तारा फेकणाऱ्या टेझरसारख्या शस्त्रांच्या वर्गासाठीही वापरतात. एकच शब्द शस्त्राला आणि उपचाराला असेल, तर संमती कशाला दिली हा वाद न्यायालयात उभा राहू शकतो. वर्तमानपत्रे तर दरवाढीच्या प्रत्येक बातमीला ‘ग्राहकांना शॉक’ असा मथळा देतात.

केळीचे_खोड (रावेर)

‘शॉकवाला’ वाचून वाईट वाटले. आमच्या गावातही एकाला असे नाव आहे आणि ते मीही घेत आलो आहे.

बोरीकाठ (अमळनेर)

धाकट्या भावाचे पत्र वाचल्यावर एक शब्द शोधण्याचा माझा हट्ट सुटला. शब्दकोशातल्या नोंदीसाठी एक शब्द हवा असतो. संमतीपत्रकात दहा ओळी लागल्या तरी चालते. सही रुग्णाची आणि तो असमर्थ असेल तेव्हाच्या तरतुदीची वेगळी, अशी सूचना पांझरा साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे रुग्णालयाला कळवली आहे. मथळा ‘ईसीटी उपचारासाठी संमती’ एवढाच ठेवला आहे. पहिला परिच्छेद असा केला आहे:

“या उपचाराला ईसीटी म्हणतात. बोलताना लोक यालाच ‘शॉक देणे’ म्हणतात. आधी भूल दिली जाते, त्यामुळे उपचार चालू असताना रुग्णाला काही कळत नाही व दुखत नाही. अंग सैल राहण्यासाठी इंजेक्शन दिले जाते. त्यानंतर डोक्याला लावलेल्या दोन इलेक्ट्रोडमधून काही सेकंद मोजून वीज सोडली जाते. त्यामुळे मेंदूत अर्धा ते एक मिनिट फीट येते, आणि आजारावर उपयोग होतो तो या फीटचा. जागे झाल्यावर काही वेळ गोंधळल्यासारखे वाटते, डोके किंवा अंग दुखू शकते. काही रुग्णांना तात्पुरते विस्मरण होऊ शकते. असा उपचार एकूण बारा वेळा केला जाईल.”

रात्रपाळी (जळगाव)

गुरुजी, परिच्छेद चांगला झाला आहे, परंतु ‘बारा वेळा’ असे छापू नका. किती वेळा लागेल हे रुग्णागणिक ठरते आणि सुधारणा दिसली की थांबवतात. तिथे कोरी जागा ठेवा आणि डॉक्टरांनी रुग्णासमोर भरावी. नातेवाइकांना कळेल असे आणखी एक वाक्य घाला, की मध्येच ‘नको’ म्हणण्याचा अधिकार आहे आणि तसे म्हटल्यास बाकीचे उपचार बंद होत नाहीत.

धाकटा_भाऊ (चाळीसगाव)

‘तात्पुरते विस्मरण’ हे आमच्या भावाच्या बाबतीत खरे ठरले नाही.

रात्रपाळी (जळगाव)

बरोबर आहे तुमचे. नवीन गोष्टी लक्षात न राहण्याचा त्रास बहुतेकांचा काही आठवड्यांत जातो. उपचाराच्या काळातल्या आणि त्याच्या आधीच्या काही आठवड्या-महिन्यांतल्या आठवणी मात्र काही जणांच्या परत येत नाहीत. दोन्ही वेगवेगळी लिहावीत.

बोरीकाठ (अमळनेर)

‘तात्पुरते’ काढले. आता असे आहे: “काही आठवडे नवीन गोष्टी लक्षात राहायला त्रास होऊ शकतो, तो बहुतेकांचा कमी होतो. उपचाराच्या आधीच्या काही दिवसांच्या किंवा महिन्यांच्या आठवणी पुसल्या जाऊ शकतात, आणि काही जणांच्या त्या परत येत नाहीत. घरात नुकतेच लग्न, जन्म किंवा मृत्यू झाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.” शेवटचे वाक्य माझे आहे, रुग्णालयाने काढले तर मी ते पुन्हा घालून पाठवणार आहे.

तारेवरचा_आप्पा (भुसावळ)

गुरुजी, एवढे सगळे झाल्यावर एक बारीक गोष्ट. ‘वीज सोडली जाते’ असे लिहिले आहे. आमच्याकडे लाइन ‘सोडली’ म्हणजे डीपीवरून चालू करून आपण निघून गेलो, ती पुढे कुठे कोणाला लागेल त्याची जबाबदारी आपली नाही. इथे तर डॉक्टर शेजारी उभे राहून सेकंद मोजणार आहेत. ‘दिली जाते’ असे करा.

बोरीकाठ (अमळनेर)

‘दिली जाते’ केले, आप्पा. कागद उद्या सकाळच्या पोस्टाने जातो आहे.